खाटकाचा मुलगा आणि इंग्लंडची राजमुद्रा: थॉमस वुल्सीचं प्रकरण

ऑक्टोबर 1529. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर यॉर्क प्लेस नावाचा वाडा होता. तिथे एके दिवशी दोन सरदार आले, नॉरफोकचा ड्यूक आणि सफोकचा ड्यूक. राजानं राजमुद्रा परत मागितली आहे, असं त्यांनी तोंडी सांगितलं. समोरच्या कार्डिनलनं, म्हणजे पोपच्या खालोखालच्या दर्जाच्या धर्माधिकाऱ्यानं विचारलं, लेखी हुकूम कुठे आहे? मुद्रा मला खुद्द राजानं दिली, तिची सनद माझ्याजवळ आहे. नुसत्या तुमच्या शब्दावर ती कशी सोपवू? बरीच बोलाचाली झाली. शेवटी दोघे ड्यूक रिकाम्या हातानं परत गेले आणि दुसऱ्या दिवशी राजाचं पत्र घेऊन आले. पत्र वाचून कार्डिनलनं मुद्रा त्यांच्या हाती दिली.

या प्रसंगात थॉमस वुल्सी अख्खा दिसतो. चौदा वर्षं तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा बडा मंत्री होता. परदेशी वकील आधी त्याच्या दारी जात आणि मग राजाकडे. आता सगळं हातातून चाललंय हे त्याला दिसत होतं, तरी त्यानं कागद मागितला. कागद कुणाच्या सहीनं चालतो, कुठला अधिकार कुठून येतो, हे ज्याला रक्तात भिनल्यासारखं माहीत आहे असाच माणूस त्या क्षणी असं वागेल. त्याचं वर चढणंही याच गुणावर झालं, आणि त्याला खाली खेचणारी दोरीही शेवटी एका कागदाचीच निघाली. म्हणून हे प्रकरण मला पायरी-पायरीनं तपासून पाहावंसं वाटतं.

इप्सविच ते ऑक्सफर्ड

वुल्सीचा जन्म 1473 च्या सुमारास इप्सविचला झाला. इप्सविच म्हणजे सफोक परगण्यातलं बंदराचं, लोकरीच्या व्यापाराचं गाव. वडील रॉबर्ट खाटीक होते, गुराढोरांचा व्यापार करत, खाणावळीवजा सरायही चालवत. धंद्यातल्या गैरप्रकारांसाठी त्यांना दंड झाल्याच्या नोंदी गावाच्या दफ्तरात आहेत. घर खाऊनपिऊन सुखी, पण घराणं म्हणावं असं काही नाही. पुढे मुलगा कार्डिनल झाल्यावर कवी जॉन स्केल्टननं त्याच्या या खाटीकखान्यातल्या कुळावरून त्याला भरपूर झोडपलं. दरबारातल्या खानदानी मंडळींनी तर ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत विसरू दिली नाही.

मुलगा हुशार होता. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात तो गेला आणि पंधराव्या वर्षी बी.ए. झाला. ‘पोरगेला पदवीधर’ म्हणून तिथे आपलं नाव झालं होतं, हे तो म्हातारपणीही कौतुकानं सांगायचा. मग तिथेच फेलो, कॉलेजच्या शाळेचा मास्तर, कॉलेजचा हिशेब पाहणारा. 1498 मध्ये त्यानं धर्मगुरूची दीक्षा घेतली.

त्या काळी सामान्य घरातल्या मुलाला वर जायला रस्ते फार थोडे होते. जमीन वारशानं मिळायची, सरदारकी रक्तानं. तलवारीच्या जोरावर नाव काढायचं तर घोडा, चिलखत आणि माणसं बाळगण्याची ऐपत हवी. उरली चर्च. तिथे लॅटिन येणाऱ्या, हिशेब कळणाऱ्या, न कंटाळता लिहिणाऱ्या माणसाला दार उघडं होतं. आणि चर्चचा रस्ता केवळ देवाकडे जात नव्हता, तो राजाच्या कचेरीकडेही जात होता.

याचं कारण अगदी व्यवहारी आहे. राजाला शिकलेले कारभारी हवेत, पण त्यांना पगार कुठून द्यायचा? बिशपच्या गाद्यांना स्वतःच्या जमिनी होत्या, त्यांचं उत्पन्न मोठं होतं, आणि त्या गादीवर कोण बसेल हे पोपच्या मंजुरीनं का होईना, व्यवहारात राजाच ठरवत असे. म्हणजे राजानं कारभाऱ्याला बिशप केलं की पगाराचा प्रश्न मिटला; खजिन्यातून दमडी खर्च न करता माणूस राजाचा झाला. शिवाय धर्मगुरूला लग्न नाही, म्हणजे कायदेशीर वारस नाही. तो मेला की गादी पुन्हा वाटायला मोकळी. सरदाराला जहागीर दिली तर ती पिढ्यान् पिढ्या त्याच्या घरात अडकून पडते. राजाच्या दृष्टीनं यापेक्षा स्वस्त आणि सोयीचा नोकर नाही. वुल्सी ज्या शिडीवर चढला ती त्यानं बांधलेली नव्हती, त्याच्या आधी अनेक जण तिच्यावरून गेले होते. इतक्या वर पोचणारे मात्र विरळा.

एकेक धनी, एकेक पायरी

पहिला आधार डॉर्सेटचा मार्क्विस. त्याची मुलं वुल्सीच्या हाताखाली शिकत होती. मास्तरवर खूश होऊन त्यानं 1500 मध्ये त्याला सॉमरसेटमधल्या लिमिंग्टन गावची चर्चची वृत्ती दिली. या गावात एक अपमान झाल्याची गोष्ट आहे: सर एमियस पॉलेट नावाच्या स्थानिक जमीनदारानं या तरुण पाद्र्याला चक्क खोड्यात अडकवलं. पुढे वुल्सी चॅन्सेलर झाल्यावर त्यानं पॉलेटला बोलावून घेतलं आणि लंडन सोडायचं नाही असा हुकूम दिला. पॉलेट कित्येक वर्षं तिथे अडकून पडला. वुल्सी विसरत नसे. गुण म्हणा की दोष, पण याच स्मरणशक्तीवर त्याचा कारभार चालायचा.

डॉर्सेट 1501 मध्ये वारला. मग वुल्सी कँटरबरीचे आर्चबिशप हेन्री डीन यांचा खाजगी धर्मगुरू झाला, तर ते 1503 मध्ये गेले. त्यानंतर कॅलेचे नायब सर रिचर्ड नॅनफन. कॅले हे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं बंदर तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. नॅनफन थकलेले गृहस्थ, कामाचा बराच भार त्यांनी या धर्मगुरूवर टाकला आणि काम चोख होतंय हे पाहून सातव्या हेन्रीकडे त्याची शिफारस केली. 1507 मध्ये तेही गेले, पण तोवर वुल्सी राजाच्या चॅपलमध्ये दाखल झाला होता.

सात-आठ वर्षांत तीन आश्रयदाते गेले. दुसरा कुणी असता तर परत ऑक्सफर्डला जाऊन मास्तरकी करत बसला असता. वुल्सी दर वेळी आधीच्यापेक्षा मोठ्या दारात उभा राहिलेला दिसतो. यात नशीब होतंच. पण प्रत्येक धन्याकडे त्यानं एकच गोष्ट केली, ती म्हणजे त्या माणसाला ज्या कामाचा कंटाळा ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

चार दिवसांची वकिली

सातव्या हेन्रीला फ्लँडर्समध्ये असलेल्या सम्राट मॅक्सिमिलियनकडे एक निरोप पोचवायचा होता. वुल्सीची निवड झाली. रविवारी दुपारी रिचमंडहून राजाचा निरोप घेऊन तो निघाला. लंडनला ग्रेव्हसेंडची नाव तयारच होती, ती गाठली. तिथून टपालाचे घोडे बदलत रात्रीतून डोव्हर. सकाळी गलबत, दुपारच्या आत कॅले, रात्री सम्राटाच्या मुक्कामी. काम उरकून त्याच घाईनं परत, बुधवारी रात्री रिचमंडला.

गुरुवारी सकाळी राजा प्रार्थनेला जाताना वुल्सी समोर दिसला. राजा चिडला: “तू अजून निघालाच नाहीस?”

“महाराज, जाऊन आलो.” आणि त्यानं सम्राटाची पत्रं पुढे केली.

राजा म्हणाला, एक मुद्दा तुला सांगायचा राहिला होता, म्हणून मी मागाहून जासूद पाठवला होता, तो भेटला का? वुल्सी म्हणाला, काल येताना वाटेत भेटला. पण तो मुद्दा सुटलाय हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं, म्हणून मी माझ्या जबाबदारीवर तो सम्राटापुढे मांडला. आगाऊपणाची क्षमा असावी.

ही हकीकत वुल्सीनं स्वतःच आपला हुजऱ्या जॉर्ज कॅव्हेंडिश याला सांगितली आणि कॅव्हेंडिशनं ती पुढे लिहून ठेवली. तेव्हा तिला थोडा मीठमसाला लागलेला असणार. तरी आपल्या यशाची गोष्ट सांगताना वुल्सीनं काय निवडलं ते पाहण्यासारखं आहे. लढाई नाही, पांडित्य नाही. वेळेवर नाव मिळणं, घोडे तयार असणं आणि राजा जे विसरला ते आपल्याला आठवणं. बक्षीस म्हणून 1509 च्या सुरुवातीला लिंकन कॅथीड्रलचं डीनपद पदरात पडलं.

तरुण राजा

एप्रिल 1509 मध्ये सातवा हेन्री गेला. आठवा हेन्री गादीवर आला तेव्हा अठराही पूर्ण नव्हता. धिप्पाड, देखणा, शिकारीचा, भालेबाजीचा, संगीताचा शौकीन. बापाच्या वेळचे जुने मंत्री त्याला सांगत, महाराज, रोज दरबारात बसा, कागद पाहा. त्याला कागदांचा मनस्वी कंटाळा. लिहिणं मला जाचाचं वाटतं, असं त्यानं पुढे वुल्सीलाच पत्रात कबूल केलं आहे.

वुल्सी तेव्हा राजाच्या दानधर्माचा अधिकारी होता. पद फार मोठं नव्हतं, पण राजाजवळ वावरायला मिळे आणि सल्लागार मंडळात बसायला मिळे. त्यानं राजाला उलट सांगितलं: आपण खुशाल शिकारीला जा, कारभार मी पाहतो, संध्याकाळी सगळं सार सांगतो. कॅव्हेंडिशनं हे मोकळेपणानं लिहिलं आहे. यावरून वुल्सीला खुशमस्कऱ्या ठरवणारे पुष्कळ आहेत. मला तो निवाडा अर्धवट वाटतो. नुसती खुशामत करणारे दरबारात शेकड्यांनी होते. ‘कारभार मी पाहतो’ असं म्हणून तो खरोखर पाहणारा हा एकच.

त्याची परीक्षा 1513 मध्ये झाली. आदल्या वर्षी स्पेनच्या सीमेवर पाठवलेली इंग्रज फौज अन्न आणि शिस्त यांवाचून हात हलवत परत आली होती. आता राजा स्वतः फ्रान्सवर निघाला. तीसेक हजार माणसं समुद्रापार न्यायची, त्यांना धान्य, मांस, बिअर, गाड्या, घोडे, तोफा, तंबू पुरवायचे. ही जुळवाजुळव वुल्सीवर आली. खाटकाच्या आणि गुरांच्या व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला मांसाचे भाव आणि हिशेब नवीन नव्हते. विंचेस्टरचे बिशप रिचर्ड फॉक्स हे त्याचे मुरब्बी. त्यांनी काळजीनं त्याला लिहिलं की या जीवघेण्या कामातून लवकर सुटला नाहीस तर पोट गार पडेल, झोप उडेल, चेहरा फिका पडेल. फौज गेली, तेरुआन आणि तुर्ने ही दोन शहरं पडली, राजा विजयी वीर म्हणून परतला. हे कुणी घडवून आणलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर जे झालं त्याचा वेग पाहून आजही दम लागतो. 1514 मध्ये वुल्सी लिंकनचा बिशप आणि त्याच वर्षी यॉर्कचा आर्चबिशप झाला. 1515 च्या सप्टेंबरात पोपनं त्याला कार्डिनल केलं, नोव्हेंबरात वेस्टमिन्स्टर ॲबेत लाल टोपीचा सोहळा झाला आणि नाताळच्या आदल्या दिवशी तो लॉर्ड चॅन्सेलर झाला.

एक अडचण उरली. यॉर्कपेक्षा कँटरबरीची गादी मोठी, आणि आर्चबिशप वॉरहॅम काही मरायला तयार नव्हते. म्हणून वुल्सीला पोपचा खास प्रतिनिधी, म्हणजे लेगेट व्हायचं होतं. लेगेटचा अधिकार साऱ्या इंग्लंडच्या चर्चवर, कँटरबरीवरही चालतो. 1518 मध्ये पोपनं कार्डिनल काम्पेज्जो याला लेगेट म्हणून पाठवलं, तर हेन्रीनं त्याला कॅलेलाच अडवून धरलं. आमच्या कार्डिनललाही लेगेट करा, मगच याला आत घेतो! पोपला ऐकावं लागलं. हे पद राजाच्या आग्रहानं मिळालं होतं, हे ध्यानात ठेवायला हवं. पुढे त्याचीच फार मोठी किंमत पडली.

संत्रं आणि कचेरी

सत्ता हातात असतानाचा वुल्सी कसा दिसायचा? कॅव्हेंडिशनं ते डोळ्यांसमोर उभं केलंय. सकाळी दोन प्रार्थना आटोपून तो लाल रेशमी झग्यात बाहेर येई. हातात एक संत्रं. आतला गर काढून टाकलेला आणि जागी व्हिनेगरात भिजवलेला स्पंज भरलेला. अर्जदारांच्या गर्दीतून जाताना तो ते नाकाशी धरी, साथीची हवा लागू नये म्हणून. पुढे राजमुद्रा, कार्डिनलची टोपी, चांदीचे दोन क्रूस आणि दोन स्तंभ घेऊन माणसं. स्वारी मात्र धर्मगुरूला शोभेल अशी खेचरावर, पण खेचराच्या पाठीवर किरमिजी मखमल आणि सोन्याचा मुलामा दिलेले रिकीब. घरी सुमारे पाचशे माणसांचा राबता. हॅम्प्टन कोर्टची जागा त्यानं 1514-15 च्या सुमारास भाडेपट्ट्यानं घेतली आणि तिथे राजालाही हेवा वाटावा असा महाल बांधला.

थाट पाहून लोक चिडत. पण तेच अर्जदार पुन्हा येत, कारण त्यांना न्याय मिळत होता. स्टार चेंबर हे राजाच्या सल्लागार मंडळाचं न्यायालय. सातव्या हेन्रीच्या काळात तिथे वर्षाला साधारण बारा खटले येत, वुल्सीच्या काळात ती संख्या एकशेवीसपर्यंत गेली. सरदारांनाही तो तिथे उभं करी. 1517 मध्ये त्यानं सामाईक गायरानांना आणि शेतांना कुंपणं घालून गरिबांना हुसकावणाऱ्या जमीनदारांची चौकशी लावली. ती धसास लागली नाही, तरी शत्रू भरपूर झाले. हे सगळं ढोंग होतं असं मला वाटत नाही. आपल्यासारख्या माणसांना बड्यांच्या दारात काय सोसावं लागतं हे खोड्यात बसलेल्याला कळतं.

परराष्ट्र कारभारात 1518 चा लंडनचा तह आणि 1520 चा फ्रान्सच्या राजाबरोबरचा तो प्रसिद्ध जरतारी भेटीचा सोहळा, दोन्ही त्याच्या हातचे. कामाचा आवाका पाहायचा तर 1527 मधला फ्रान्समधल्या काँप्येन्यचा एक दिवस पाहावा. पहाटे चारला तो लिहायला बसला आणि दुपारी चारपर्यंत उठला नाही. जेवायला नाही की लघवीलाही नाही, असं कॅव्हेंडिश स्वच्छ लिहितो.

दोष झाकण्यात अर्थ नाही. यॉर्कचा आर्चबिशप सोळा वर्षं यॉर्कला गेलाच नाही. जोडीला बाथ अँड वेल्स, मग डरम, मग विंचेस्टर अशी दुसरी एक गादी आणि सेंट ऑल्बन्सचा श्रीमंत मठही त्यानं आपल्याकडे ठेवला. ब्रह्मचर्याचं व्रत असून जोन लार्क या बाईपासून त्याला दोन मुलं होती. त्यातला मुलगा थॉमस विंटर शिकत असतानाच वेल्सचा डीन झाला. चर्च सुधारण्याचा सगळा अधिकार ज्याच्या हाती होता, तोच चर्चच्या सगळ्या रोगांचा नमुना होता. याचं वाईट वाटतं, कारण सुधारणा करण्याची कुवत त्याच्यातच होती.

घराचे वासे

पहिला तडा 1525 मध्ये गेला. फ्रान्सवर पुन्हा स्वारी करायची म्हणून संसदेला न विचारता लोकांकडून ‘प्रेमाची देणगी’ मागण्यात आली. सामान्यांनी मालमत्तेचा सहावा, धर्मगुरूंनी तिसरा हिस्सा द्यायचा. लोकांजवळ पैसा नव्हता. सफोकमध्ये, म्हणजे वुल्सीच्याच परगण्यात, लॅव्हनमच्या आसपास हजारो विणकर आणि मजूर जमले. नॉरफोकच्या ड्यूकनं विचारलं, तुमचा म्होरक्या कोण? त्यांच्यातला एक जण म्हणाला, त्याचं नाव दारिद्र्य. राजानं मला हे ठाऊकच नव्हतं म्हणून हात झटकले आणि दोष वुल्सीनं आपल्या डोक्यावर घेतला. मागणी रद्द झाली.

यातून एक गोष्ट उघडी पडली. सरदाराच्या मागे त्याची जमीन, त्याची कुळं, त्याचे सोयरे उभे असतात. वुल्सीच्या मागे कुणी नव्हतं. सगळा इमला एका खांबावर उभा होता, आणि तो खांब म्हणजे राजाची मर्जी.

1527 पासून हेन्रीला राणी कॅथरीनपासून सुटका हवी होती, ॲन बोलिनशी लग्न करायचं होतं. काम पोपच्या हातातलं. पण त्याच वर्षी मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं आणि पोप त्यांच्या मुठीत गेला. चार्ल्स हा कॅथरीनचा भाचा. लंडनमध्ये 1529 च्या उन्हाळ्यात वुल्सी आणि काम्पेज्जो यांचं न्यायपीठ बसलं खरं, पण काम्पेज्जोनं जुलैत ते निकाल न देताच तहकूब केलं. राजाला सगळ्यात जास्त हवं होतं तेच वुल्सी आणून देऊ शकला नाही.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. ऑक्टोबरात त्याच्यावर प्रेम्युनायरीचा आरोप ठेवला गेला. चौदाव्या शतकातला हा जुना कायदा, परक्या सत्तेचा, म्हणजे पोपचा अधिकार इंग्लंडमध्ये चालवल्याबद्दल. आरोपाचा आधार होतं त्याचं लेगेटपद. तेच पद, जे राजानं हट्टानं मिळवून दिलं होतं आणि अकरा वर्षं राजाच्याच कामासाठी वापरून घेतलं होतं. वुल्सीला कायदा कळत होता, बचाव करता आला असता. त्यानं गुन्हा कबूल केला, सगळी मालमत्ता राजाला लिहून दिली.

मुद्रा दिल्यावर तो नावेनं पटनीला गेला. तुरुंगात नेतात की काय हे बघायला थेम्सवर नावांची गर्दी उसळली होती. पटनीच्या चढावर राजाचा माणूस हेन्री नॉरिस अंगठी आणि दिलाशाचा निरोप घेऊन भेटला. वुल्सी खेचरावरून उतरून चिखलात गुडघ्यांवर बसला. टोपी काढायला गेला तर नाडी सुटेना, तेव्हा त्यानं ती तोडून टाकली. इशरच्या घरी पोचल्यावर पांघरुणं, चादरी, ताटंवाट्याही नव्हत्या, त्या शेजारपाजारून मागून आणाव्या लागल्या.

1530 मध्ये माफी मिळाली आणि यॉर्कची गादी तेवढी राहिली. तो उत्तरेला गेला, गावोगावी लोकांत मिसळला, भांडणं मिटवली. शेवटी एकदाचं यॉर्कला गादीवर बसायचं ठरलं, 7 नोव्हेंबरला. 4 नोव्हेंबरलाच, यॉर्कपासून काही कोसांवर कॅवूडला, राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. लंडनच्या वाटेवर अतिसारानं खंगत तो लेस्टरच्या मठात पोचला. लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगाचा अधिकारी किंग्स्टन सोबत होता. त्याला तो म्हणाला की राजाची जितक्या निष्ठेनं सेवा केली तितकी देवाची केली असती, तर त्यानं मला पिकल्या केसांनी असं टाकून दिलं नसतं. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली: राजापुढे मी तास-दोन तास गुडघे टेकून बसलोय, त्याच्या मनातली इच्छा काढायला, पण ती कधी निघाली नाही, म्हणून त्याच्या डोक्यात काय घालता ते आधी नीट पाहा. 29 नोव्हेंबर 1530 च्या सकाळी आठला तो गेला.

इप्सविचला आपल्या गावच्या मुलांसाठी त्यानं 1528 मध्ये मोठी शाळा काढली होती. तिथून शिकून मुलांनी ऑक्सफर्डला त्याच्याच नव्या कॉलेजात जावं, अशी ती योजना. दोन्हींच्या खर्चासाठी तीसच्या आसपास छोटे मठ बंद केले होते. ऑक्सफर्डचं कॉलेज राजानं पुढे स्वतःच्या नावावर घेतलं, आजचं क्राइस्ट चर्च ते हेच. इप्सविचची शाळा मात्र बंद पडली आणि तिचा दगड लंडनला राजाच्या बांधकामासाठी गेला. गावात आता विटांची एक छोटी कमान तेवढी उभी आहे. तिला वुल्सीचं दार म्हणतात. दारावर कोरलेलं राजचिन्ह आठव्या हेन्रीचं आहे.